पुरानंतर मोफत केलेलं काम वहीत कसं दाखवायचं?

वेदगंगाकाठ (निपाणी)
नमस्कार मंडळी. पाणी शिरलेल्या इमारती उपसून वाळवून द्यायचा धंदा आहे. एकट्याच्या मालकीचा, जीएसटी नोंदणी कर्नाटकातली. २०२४च्या पावसाळ्यात एका ट्रस्टच्या शाळेचा तळमजला पैसे न घेता करून दिला. नेहमीच्या दरानं १८,००० झाले असते. टॅली बघणारा मुलगा म्हणतो, १८,००० विक्री दाखवू आणि तेवढीच देणगी खर्चात टाकू. ट्रस्टही तेवढ्याची ८०जी पावती (देणगीवर आयकरात वजावट मिळते ती) द्यायला तयार आहे. २०२४-२५ची वही बंद करायची आहे. असं चालेल का? आणि पुढं अशाच कामाला मशीन महाराष्ट्रात कागलला न्यायची झाली तर कागद कुठले लागतील?

खतावणी
दोन्ही करू नका. मोबदला ठरलाच नाही तर विक्री कसली? उलाढाल उगीच फुगेल, जीएसटीआर-१शी (विक्रीच्या जीएसटी विवरणाशी) जुळणार नाही आणि १८,००० खर्च तर झालेलाच नाही. ८०जीची वजावट फक्त रोख रक्कम, चेक किंवा बँकेतून दिलेल्या पैशांना आहे, श्रमाला किंवा सेवेला नाही. ट्रस्टनं पावती दिली तर न आलेली रक्कम त्यांना १०बीडी या देणग्यांच्या विवरणात दाखवावी लागेल, म्हणजे त्यांच्याही अंगाशी येईल.

जे खरोखर गेलं तेवढंच लिहा. त्यासाठी जॉब शीट हवी, आणि ती जागेवरच भरलेली हवी. जेल पेन नको, ओल्या हातानं शाई पसरते. बॉलपेन घ्या. पंप चालू केल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहा. ५ एचपीचा डिझेल पंप ताशी साधारण लिटरभर खातो, त्यामुळे तास असले की डिझेल पडताळता येतं. बहुतेक ठिकाणी चूक इथंच होते: एकाच बॅरलचं डिझेल चार कामांना जातं आणि महिनाअखेरीस अंदाजानं वाटलं जातं.

उदाहरण घ्या. मजुरी ६ मजूर-दिवस, ७००नं ४,२००. पंप १४ तास, १४ लिटर, ९०नं १,२६०. हायपोक्लोराइटचा (जंतुनाशकाचा) २० लिटरचा कॅन ६०० अधिक १०८ जीएसटी. त्यातलं १२ लिटर शाळेत लागलं, म्हणजे ३६० आणि जीएसटी ६४.८०. उरलेलं ८ लिटर पैशाच्या कामाला गेलं, ते यात धरू नका.

जर्नल: मालकाची उचल (धंद्यातून स्वतःसाठी काढलेलं) नावे ५,८८४.८०. जमेला मजुरी ४,२००, डिझेल १,२६०, रसायन ३६०, इनपुट सीजीएसटी ३२.४०, इनपुट एसजीएसटी ३२.४०.

खानापूर नाका
वरच्या नोंदीतले ते ६४.८० महत्त्वाचे आहेत, आणि तेच सगळे विसरतात. भेट म्हणून दिलेल्या मालाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच)नं अडतं, धंद्याबाहेर वापरलेल्याचंही मिळत नाही. जीएसटीआर-३बी विवरणाच्या ४(बी)(१) रकान्यात ते उलटवा. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर १८ टक्के व्याज. डिझेल जीएसटीबाहेर आहे, तिथं उलटवायला काही नाही.

उचलीबद्दल मात्र थोडं वेगळं मत. जुनं गिऱ्हाईक टिकवायला किंवा नावाचा बोर्ड लावून काम केलं असेल, तर तो धंद्याचा खर्च म्हणून मांडता येतो; पत्र, फोटो जपून ठेवा. पण मग एकच भूमिका धरा. आयकरात ‘प्रसिद्धी’ आणि ट्रस्टला लिहिलेल्या पत्रात ‘निव्वळ सेवाभाव’ असं झालं तर तुमचेच कागद तुमच्या विरोधात बोलतील. शाळेच्या कामाला बोर्ड नव्हता तर उचलच बरी. ४४एडीखाली (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरून) विवरण भरत असाल तर हा खर्च वेगळा मागताच येत नाही.

वेदगंगाकाठ (निपाणी)
समजलं, आभार. मग बिल करून, पैसे घेऊन, तेच ट्रस्टला परत दिले तर?

खतावणी
चालेल, पण दोन वेगळे व्यवहार खरोखर झाले पाहिजेत. बिल १८,००० अधिक ३,२४० जीएसटी, पैसे बँकेत जमा. नंतर तुमची देणगी चेकनं. २,०००च्या वर रोख दिलेल्याला वजावट नाही. नव्या कररचनेत असाल तर ८०जी मिळतच नाही, म्हणजे ट्रस्टच्या माथी ३,२४० मारून तुमच्या पदरात शून्य. आणि बिल काढून नंतर माफ केलं तर सगळ्यात वाईट: जीएसटी भरावाच लागतो, बुडीत धरला तरी परत येत नाही.

कोगनोळी टोल
कागलच्या प्रश्नाचं: मशीन राज्याबाहेर जातंय, म्हणून नियम ५५चं डिलिव्हरी चलन तीन प्रतींत करा. किंमत ५०,०००च्या वर असेल तर ई-वे बिलही (माल नेण्याचा ऑनलाइन कागद) काढा, त्यात कारण ‘स्वतःच्या वापरासाठी’ असं निवडा. चलनावर पंपाचा आणि डीह्युमिडिफायरचा सिरियल नंबर टाका आणि परतताना तेच नंबर लिहून नवं चलन फाडा. एकाच चलनावर जाणं-येणं दाखवलं की गाडी अडते.

१८,०००चा आकडा कुठंतरी हवाच असेल तर टॅलीत मेमोरँडम व्हाउचर करा. खात्यांवर परिणाम होत नाही, नोंद मात्र राहते.