ज्वारीची भाकरी थापताना चिरतेय, काय चुकतंय?

परातीत_पीठ:
लोकहो मदत करा. मी सोलापूरचा, सध्या बंगळुरात एकटा राहतो. घरून कडक भाकऱ्या येतात त्यावर भागवत होतो, पण गरम भाकरीची आठवण यायला लागली म्हणून स्वतः करायला घेतली, तर थापतानाच कडेने चिरत जाते आणि उचलून तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. पाणी कोमट घेतो, पीठ पाकिटातलं, फोडून दोनेक महिने झाले असतील. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणते अजून मळ. मळून मळून हात गेले राव.

माळावरची_काकू:
अरे दोन महिने! पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, गेली की दिवसभर मळलंस तरी उपयोग नाही, ज्वारीत मुळात गव्हासारखा चिकटपणा नसतोच. आम्ही मालदांडी ज्वारी पंधरा दिवसांपुरतीच दळून आणतो. आणि सगळं एकदम भिजवू नकोस, एका भाकरीपुरतं घ्यायचं, तळहाताने रेटून मळायचं नि लगेच थापायचं. तव्यावर पिठाची बाजू वर, तिला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, पार कोरडी होऊ दिलीस तर भेगा पडणार. दुसरी बाजू नीट भाजली की थेट जाळावर, टम्म फुगते.

उकडप्रेमी:
जुनं पीठ फेकू नका हो. मीठ घालून पाणी उकळा, गॅस बंद, जेवढं पाणी तेवढंच पीठ, 10 मिनिटं झाकून मग गरम असतानाच मळा. अजिबात चिरत नाही, लाटताही येते.

माळावरची_काकू:
लाटलेली भाकरी 😀 चालेल, पण मग तिला पोळी म्हणा.

तापीकाठ:
आमच्या खानदेशात कळण्याची करतात, ज्वारीत चौथा हिस्सा अख्खे उडीद नि मीठ घालून दळायचं. उडदामुळे पीठ धरून राहतं, नवशिक्यालाही जमते. वरून ठेचा, कच्चं तेल, कांदा. वांग्याचं भरीत असेल तर मोजू नका किती खाल्ल्या ते.

परातीत_पीठ:
उकड काढून केली, थापूनच केली काकू! आकाराचं विचारू नका. पहिली फुगली, फोन हातात घेईपर्यंत बसली. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर तीन संपवल्या. इथे हॉटेलात जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरीच) मिळते म्हणजे ज्वारी दळून देणारा कुणीतरी असेलच, रविवारी गिरणी शोधतो.