फोन करा, पण आधी गुडघा धुवा

वर कुणीतरी लिहिलंय की मूल पडलं तर शाळेने फक्त पालकांना फोन करावा, हात लावू नये. अहो, मी चर्चगेटला नोकरीला, शाळा बोरिवलीत. फास्ट लोकल लगेच मिळाली तरी पोचायला तास-सव्वा तास. तोवर पोराने रक्ताळलेला गुडघा घेऊन बसायचं?

खरचटलं तर नळाखाली साबणाने धुवून पट्टी लावावी, एवढं शाळेतल्या मावशींना जमतंच. घोळणा फुटला तर मात्र आमच्याकडे अजून डोकं मागे करून कांदा हुंगवतात! खरं तर मुलाला बसवून किंचित पुढे वाकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरायचा. डोक्याला मार लागला तर तो किरकोळ धरूच नये, तेव्हा लगेच फोन हवा.

चड्डी ओली झाली तर? माझ्या लेकीला ज्युनिअर केजीत दोन तास तशीच बसवली होती. कारण काय, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा आल्यापासून 'कपडे बदलायची भीती वाटते'. प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्या, दप्तरात जादा जोड मागवा आणि बदलताना दोन मावशी असू द्या. आम्ही पालकसभेत हेच मागितलं. दुसऱ्याच आठवड्यात संमतीचा फॉर्म आला.