फक्त लिंक टाकली तरी गुन्हाच

कमिशनसाठी सट्ट्याच्या साइटची लिंक आणि स्वतःच्या नावाचा प्रोमो कोड टाकणाऱ्या कोणीतरी 'साइट कुरासावची (कॅरिबियनमधलं बेट), मी फक्त लिंक टाकतो, मला काय होणार' असं लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्यात पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात करणं हाच वेगळा गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परदेशातून चालणारी साइटही त्यात धरलीय. म्हणजे साइटवाला तिकडे सेफ आणि इथे सापडणार तुम्ही, कारण प्रोमो कोड तुमच्या नावाचा.

दुसरं म्हणजे कमिशन येतं कुठून ते बघा. माझा मावसभाऊ आयपीएलच्या टिप्सचं टेलिग्राम चॅनल चालवायचा, तिथे अशीच लिंक टाकायचा, कमिशनचे दर आठवड्याला कधी 4 हजार कधी 7 हजार यूपीआयवर यायचे, पण प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच. त्यातलं एक खातं कुठल्यातरी फसवणुकीतलं निघालं, दुसऱ्या राज्यात सायबर तक्रार झाली आणि याचं अख्खं खातं फ्रीज, पगारासकट. घराचा हप्ता बाउन्स झाला, मावशीचे दागिने गहाण पडले. ज्यांच्या लिंका चालू असतील त्यांना कळकळीने सांगतो, आजच काढा.