श्वेतपत्रिकेतला आकडा पुरावा म्हणून कितपत चालतो?

पाटचारी
पाणीवापर संस्थेसाठी टिपण लिहितोय. महाराष्ट्र सरकारच्या 2012 च्या सिंचन श्वेतपत्रिकेतले आकडे घ्यायचेत. एक जण म्हणतो, सरकारी कागद आहे, बिनधास्त घे. दुसरा म्हणतो, ती खात्याने स्वतःची केलेली सफाई. कॅगच्या (महालेखापरीक्षकांच्या) अहवालाच्या बरोबरीने धरू का?

लेखाशीर्ष
बरोबरीने नको. कॅगचा अहवाल राज्यघटनेच्या कलम 151 नुसार राज्यपालांमार्फत सभागृहात येतो, आमदारांची लोकलेखा समिती त्यावर सचिवांची साक्ष घेते. श्वेतपत्रिकेला असं घटनात्मक बंधन नाही. सरकारला वाटलं किंवा विरोधकांनी रेटलं की ती निघते, आणि बहुधा लिहितं तेच खातं ज्याच्याबद्दल प्रश्न असतात. पण म्हणून टाकाऊ नाही. खर्चवाढ, रखडलेलं भूसंपादन असं जे खात्याने स्वतः लिहून दिलंय, ते नंतर झटकणं त्याला जड जातं. तेवढं उचला, जोडपत्रांतले प्रकल्पनिहाय तक्ते बघा. प्रस्तावना वाचली नाही तरी चालेल.

उन्हाळी आवर्तन
आकडे घेताना छेद तपासा, म्हणजे टक्का कशाच्या तुलनेत काढलाय ते. 2011-12 च्या आर्थिक पाहणीतल्या ज्या जेमतेम 0.1 टक्का वाढीवरून गदारोळ झाला, तो आकडा एकूण पीकक्षेत्रातल्या सिंचित क्षेत्राच्या प्रमाणाचा होता. जलसंपदा खात्याचा भर ‘निर्मित सिंचन क्षमते’वर. धरण-कालवा झाला की क्षमता धरली जाते. मग चाऱ्या फुटलेल्या असोत, धरण निम्मंच भरो, पाणी शहराला जावो की वरच्या अंगाला उसात मुरो, कागदावरचे हेक्टर हलत नाहीत. म्हणून तीन रकाने करा: निर्मित क्षमता, कालव्यावर प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र, लाभक्षेत्रातल्या विहिरींवर भिजलेलं. शेवटचे दोन एकत्र दाखवले असतील तर वाढ फुगलेली दिसते. खर्चातही मूळ मान्यता आणि सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) कोणत्या वर्षाच्या दरसूचीवर आहेत ते लिहा, नाहीतर महागाई आणि वाढीव काम यांची सरमिसळ होते.

पाटचारी
मग सिंचन कामांची चौकशी करणाऱ्या चितळे समितीचा अहवाल जास्त भरवशाचा?

लेखाशीर्ष
तुमच्या कामाला, हो. श्वेतपत्रिकेनंतर नेमलेली ती चौकशी, अहवाल 2014 चा. दोन्हींत एकाच प्रकल्पाचे आकडे वेगळे निघाले तर दोन्ही द्या, पानासकट. आणि पत्रिकेचा कालखंड कोणी ठरवला तेही बघत जा. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये अर्थव्यवस्थेवर श्वेतपत्रिका मांडली, तीत आधीच्या सरकारची दहा वर्षं विरुद्ध स्वतःची दहा. काँग्रेसने त्याच दिवशी ‘काळी पत्रिका’ काढली. आकडे एकवेळ खरे असतात, सुरुवातीचं वर्ष सोयीचं असतं.