प्रेमकथेतला हिरो कास्तकार काऊन नसते?

तुरीच्या शेंगा :
यवतमाळकडचा आहे मी. बायको रात्री जेवणं झाली की मोबाईलवर प्रेमकथा वाचते, रोज एक भाग, आन् परवा मी तिच्या खांद्यावरून वाचायले गेलो तर अडकलोच, ती झोपल्यावर गुपचूप पुढचे चाळीस भाग वाचून काढले, खोटं कायले बोलू. पण सगळे हिरो कंपनीचे मालक ना बाप्पा! काचेची केबिन, काळी गाडी, नाकावर माशी बसू देत नाई, पोरगी त्याच्याच हापिसात नोकरीले, मग कॉन्ट्रॅक्ट मॅरेज. नाहीतर माफिया. चार एकर कोरडवाहूवाला एक हिरो दाखवा मले. आमच्या गावात पस्तिशीचे पोट्टे बिनलग्नाचे बसून आहेत, पोरीवाले पहिला प्रश्न विचारते, नोकरी काय. या कथा त्यात अजून तेल ओतून रायल्या.

वेचणीवाली :
दादा, मी दिवसभर कापूस वेचते, सुकल्या बोंडानं बोटं चिरतात, वाकून वाकून कंबर गेली. रात्री परत वावरच वाचू का मी? मले ती काचेची केबिनच पाहिजे, एसीवाली. आन् पोरीवाले नोकरी मागते ते कापसाच्या भावापायी, कथेपायी नाई. माझ्या बाबानं जन्मात कादंबरी हातात धरली नव्हती, तरी जावई नोकरीवालाच पाहिजे होता.

वाचनालयवाले सर :
ताई, विरंगुळा ठीक आहे, मला त्रास छापाचा होतो. नावं बदला, कथा तीच. लंडनची मिल्स अँड बून ही प्रकाशन कंपनी १९०८ मध्ये निघाली तेव्हा सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची, नंतर प्रेमकथांवर आली कारण खप तिथं होता. आता तर शाखाच शाखा, हॉस्पिटलवाली, ऐतिहासिक, मध्यंतरी रक्तपिपासू भुतांची सुद्धा होती, आणि अट एकच की शेवट गोड. आधीच माहीत असलेला शेवट गाठायला तीनशे भाग कशाला?

कौंडण्यपूरकर :
मंग रुक्मिणी स्वयंवर कोणी ऐकलंच नसतं सर. भाऊ शिशुपालाशी लग्न ठरवते, पोरगी कधी न पाहिलेल्या माणसाले चिठ्ठी धाडते, की देवीच्या दर्शनाले येते, तिथून घेऊन जा. जबरीचं लग्न, पळून जाणं, सख्खा भाऊ व्हिलन, सगळा मसाला आपल्या वर्धा नदीच्या काठचा. महानुभावांच्या महदंबेनं तेराव्या शतकात रिद्धपुरात याच लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायले, तेव्हाही शेवट सगळ्यांले पाठ होता, पण रथ वेळेवर पोचते का नाई यात जीव अडकतेच ना.

बाकी शेंगाभाऊचं बी खरं आहे. अमेरिकेत काउबॉय रोमान्स म्हणून आख्खी शाखा आहे, हिरो गुरंढोरंवाला. आन् इंग्लंडातली १८११ ते १८२० एवढीशी वर्षं, त्यावर किती प्रेमकथा निघाल्या मोजता येत नाई, ती वाट जॉर्जेट हेयर या एका बाईनं १९३५ पासून पाडली. मंग वऱ्हाडी शाखा काऊन निघू नये?

तुरीच्या शेंगा :
काउबॉयजवळ घोडा असते भाऊ. मी ट्रॅक्टर भाड्यानं आणतो.

वेचणीवाली :
😂 लिहा ना मग. पण एक सांगते, राग नका मानू. कास्तकारावर लिहिणारे पहिल्या पानावर कर्ज काढते आन् शेवटच्या पानावर फास. हिरो शेतकरी म्हटलं का मेलाच समजा. सर, तुमच्या वाचनालयात असा एक तरी शेतकरी दाखवा जो शेवटच्या पानावर बायकोसंगं चहा पीत बसला आहे. गोड शेवटाची अट मले त्याच्यासाठीच आवडते, तिथं कोणी मरत नाई.

वाचनालयवाले सर :
कर्ज आणि फास खरे आहेत ताई, लेखकानं डोळे मिटायचे का? छापाबद्दलचं माझं मत तेच आहे. पण चहावाला शेतकरी... सकाळपासून कपाटं उघडून पाहतोय. अजून सापडला नाही.

कौंडण्यपूरकर :
खालच्या कप्प्यात पाहा, वाळवीच्या बाजूनं.

तुरीच्या शेंगा :
बायकोले हा धागा दाखवला. ती म्हणे हिरोचं नंतर पाहू, ते चाळीस भाग उघडायले माझे ॲपमधले कॉईन गेले ते पहिले भर.