सात मंडळ्यांची स्थळे पाहून आल्यावर मनात उरलेला प्रश्न

प्रश्न (इंदूरचा यात्रेकरू)

सर्वांना सप्रेम सलाम. गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळीतील काही कुटुंबांसमवेत मी पश्चिम तुर्कस्तानात जाऊन आलो. बायबलमधील प्रकटीकरणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत ज्या सात मंडळ्यांना, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजांना, निरोप आहेत, त्यांची स्थळे पाहावीत आणि जेथे प्रेषित पौलाने सेवा केली तेथे प्रार्थना करावी, एवढाच हेतू होता. इफिस येथील सुमारे २५,००० माणसे मावतील असे नाट्यगृह पाहताना, पौलाच्या शिकवणीविरुद्ध अर्तमी देवीच्या नावाने दोन तास चाललेला तो बायबलमधील गोंधळ डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या देवीच्या मंदिराचा आज तुकडे जोडून उभारलेला एकच स्तंभ दिसतो. याचे समाधान वाटावे, तर जेथे ४३१ साली ख्रिस्ती धर्मपरिषद भरली, त्या मरियेच्या चर्चच्याही पडक्या भिंतीच उरल्या आहेत. ‘तुझी समई (म्हणजे मंडळी) काढून टाकीन’ हा इफिसच्या मंडळीला दिलेला इशारा खरा ठरला असे मानावे काय? विश्वास दृढ करण्यासाठी गेलो होतो आणि अस्वस्थ होऊन परतलो. कोणाचा असा अनुभव आहे काय?

प्रतिसाद (इतिहासाचा निवृत्त शिक्षक, वडोदरा)

पडझड पाहून लगेच न्यायनिवाडा वाचण्याची घाई करू नये, असे मला वाटते. नदीने आणलेल्या गाळाने इफिसचे बंदर भरत गेले, समुद्र काही किलोमीटर दूर सरला आणि व्यापारावर जगणारे शहर ओस पडत गेले. वस्ती जवळच्या टेकडीकडे सरकली व तेथे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने योहानाच्या नावाने भव्य चर्च बांधले. त्या प्रदेशातील ग्रीक ख्रिस्ती समाज तर १९२३ साली ठरलेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीपर्यंत टिकून होता.

शिवाय सातांपैकी स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोनच मंडळ्यांना निरोपात कोणताही दोष दिलेला नाही. स्मुर्णा म्हणजे आजचे इझमीर. तेथे दुसऱ्या शतकात बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाले आणि आजही उपासना होते. परंतु फिलदेल्फियात, म्हणजे आजच्या अलाशेहिरमध्ये, जुन्या चर्चचे विटांचे प्रचंड खांबच पाहावे लागतात. दगड पडणे हीच शिक्षा असती, तर दोष नसलेल्या मंडळीचे चर्च का पडले? उलट दोष दिलेल्या इफिसात तीन शतकांहून अधिक काळानंतर एवढी मोठी परिषद भरली.

प्रतिसाद (ग्वाल्हेरची एक भगिनी)

दादा, आम्हांला इफिसपेक्षा सातांपैकीच असलेल्या लावदिकीयाने अधिक विचार करायला लावले. तेथे दुरून पाणी आणणाऱ्या नळांच्या आत क्षारांचे जाड थर बसलेले दिसतात, तर खोऱ्यापलीकडे हिएरापोलिसचे, म्हणजे पामुक्कलेचे, उष्ण झऱ्यांनी घडवलेले पांढरे कठडे चमकतात. एकीकडे हिएरापोलिसचे गरम पाणी, दुसरीकडे कलस्सैजवळचे थंड पाणी आणि मध्ये हे संपन्न शहर; तू थंड नाहीस, ऊनही नाहीस, कोमट आहेस, ही लावदिकीयाच्या मंडळीची सुप्रसिद्ध कानउघाडणी यावरूनच सुचली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. जलूदहून चढवून आणलेल्या नर्मदेच्या पाण्यावर राहणाऱ्या तुम्हां इंदूरकरांना हे चटकन उमजेल. मी मात्र ते नळ पाहताना त्या लोकांचा विचार फारसा केलाच नाही. माझ्याच प्रार्थनेला किती काळ ऊब नव्हती, हे आठवत राहिले.

प्रतिसाद (इंदूरमधील एक वडील)

शिक्षकमहोदयांचा युक्तिवाद पटतो, तरी इशाऱ्याची धार त्याने बोथट होऊ नये. इफिसला दिलेला ठपका इमारतीविषयी नव्हताच; पहिली प्रीती सोडल्याबद्दल होता, आणि ती प्रीती चर्च भरलेले असतानाही जाऊ शकते. आपल्याच शहरात पाहा. आमच्या लहानपणी मराठी उपासनेला जागा पुरत नसे. आता मोजकी वयस्कर मंडळी येतात आणि नातवंडे हिंदी उपासनेत गातात. यात मला दुःख जरूर होते, पण मंडळी विझली असे मी म्हणणार नाही. तुर्कस्तानातील अवशेषांनाही मी तोच न्याय लावीन.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणां सर्वांचा आभारी आहे. फिलदेल्फियाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आम्ही तेथे छायाचित्रे काढून घाईने पुढे गेलो. पुढील बायबल अभ्यासात स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांचे निरोप एकत्र वाचण्याचे ठरवले आहे. इझमीरमधील रविवारच्या उपासनेस कोणी हजर राहिले असल्यास, बाहेरच्या यात्रेकरूंना तेथे प्रवेश कसा मिळतो, हे कृपया कळवावे.