पोस्टग्रेस: डेटाबेसच्या प्रतीतला सिक्वेन्स काढायचा आहे

प्रश्न
पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतल्या विक्रीच्या डेटाबेसची अहवालांसाठी वेगळी प्रत केली आहे. प्रतीत नव्या नोंदी मूळ डेटाबेसमधूनच, मूळ क्रमांकांसह यायच्या असल्यामुळे तिथल्या टेबलांनी स्वतःहून क्रमांक देऊ नयेत, अशी माझी अपेक्षा आहे. ‘पावती’ टेबलाचा आयडी सीरियल आहे, म्हणजे त्याला सिक्वेन्स या गणकाकडून पुढचा क्रमांक आपोआप मिळतो. हा सिक्वेन्स ड्रॉप करू (काढू) गेल्यास त्यावर दुसरे काही अवलंबून असल्याचे सांगून पोस्टग्रेस नकार देते आणि कॅस्केड, म्हणजे अवलंबून असलेलेही सोबत काढणे, सुचवते. कॅस्केडमुळे आयडीचा रकानाच उडाला तर?

प्रतिसाद १
रकाना उडणार नाही. सीरियल हा खरा डेटा टाइप नाहीच. तो लिहिला की पोस्टग्रेस नॉट नल (रिकामा न चालणारा) असा साधा इंटिजर (पूर्णांकाचा) रकाना व एक सिक्वेन्स तयार करते आणि त्या सिक्वेन्सकडे नेक्स्टव्हॅल (पुढचा क्रमांक) मागणारे डिफॉल्ट, म्हणजे मूल्य न दिल्यास वापरायचे मूल्य, रकान्याला जोडते. अवलंबून आहे ते हे डिफॉल्ट, आणि कॅस्केडने तेवढेच जाते. आधीचे क्रमांक व प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारी, पुन्हा न येणारी किल्ली) जागच्या जागी राहतात. तरीही मी कॅस्केड टाळतो, कारण तोच सिक्वेन्स आणखी एखादे टेबल वापरत असेल तर त्याचे डिफॉल्टही त्याच फटक्यात जाते. आधी ‘ऑल्टर टेबल पावती ऑल्टर कॉलम आयडी ड्रॉप डिफॉल्ट’ चालवा आणि मगच ड्रॉप सिक्वेन्स करा.

प्रतिसाद २
प्रत कशी केली, हेही सांगायला हवे होते. त्याच डेटाबेसमध्ये ‘क्रिएट टेबल’ला ‘लाइक’ आणि ‘इन्क्लुडिंग ऑल’ लावून, म्हणजे मूळ टेबलाची रचना डिफॉल्टसह उचलून, केलेले टेबल मूळ टेबलाच्याच सिक्वेन्सवरून क्रमांक घेत राहते. तिथे सिक्वेन्स काढणे म्हणजे मूळ टेबलाच्या पायावर कुऱ्हाड. शिवाय पोस्टग्रेसच्या आवृत्ती १० पासून आयडेंटिटी रकाने (आपोआप क्रमांक देण्याचा दुसरा प्रकार) आले आहेत. त्यांना ड्रॉप डिफॉल्ट चालत नाही, ड्रॉप आयडेंटिटी द्यावे लागते आणि त्यासोबत सिक्वेन्सही जातो.

प्रश्नकर्ता
मूळ डेटाबेस टेम्प्लेट म्हणून देऊन प्रत केली होती. त्यासाठी त्यावरची सगळी कनेक्शन्स बंद असावी लागतात, म्हणून रात्री बसावे लागले. आता दोन्ही टप्पे पार पडले. आयडी न देता एक इन्सर्ट (नवी नोंद) करून पाहिला, तर नॉट नलची चूक दाखवून तो परत आला, आणि मला तेच हवे होते.

प्रतिसाद १
छान. पुढे कधी हीच प्रत मुख्य डेटाबेस म्हणून वापरायची वेळ आली, तर नवा सिक्वेन्स करून सेटव्हॅलने त्याला सर्वांत मोठ्या आयडीवर आणा. नाहीतर तो १ पासून सुरू होईल आणि पहिलाच इन्सर्ट प्रायमरी कीवर आपटेल.